सेंदाईची चाल



या वेळचा लेख नवगाव, रेवदंडा किंवा उमरखाडीबद्दल नाही. तो जपानमधल्या सेंदाई शहराबद्दल आणि तिथल्या एका संगीतकाराबद्दल आहे. आपल्या समाजाच्या जुन्या गोष्टी लिहिणारी ही बाई अचानक जपानी ढोलताशांकडे कशी वळली, असं तुम्हाला वाटेल. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पण हा विषय आपल्या घरातूनच निघाला आणि फिरून आपल्या घरातच आला, म्हणून लिहिते आहे.

एक कॅसेट

माझी मुलगी आणि जावई काही वर्षांपासून सेंदाईला असतात. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी वर्षातले काही महिने त्यांच्याकडे राहते. येताना सामानात नेहमीचं सगळं असतं, म्हणजे आगळ, पोहे, घरचा मसाला. मागच्या खेपेला त्यात एक कॅसेटही होती.

१९८४ साली ठाण्याला आमच्या घरी मलिदा होता. भावाने नवीन टेपरेकॉर्डर आणला होता, तो त्याने पाटाशेजारी ठेवून दिला. आई गायली, दोन मावश्या गायल्या, पेटी होती, तबला होता. मी मात्र त्या टेपवर नाही. नाइट ड्यूटी करून सकाळी आले होते आणि आतल्या खोलीत मेल्यासारखी झोपले होते. दोन गाण्यांच्या मध्ये कोणीतरी माझं नाव घेतं आणि आईचा आवाज येतो, "तिला झोपू दे, रात्रपाळी करून आलीय." आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती टेप मी गाण्यांसाठी जपली की त्या एका वाक्यासाठी, हे मला सांगता येणार नाही.

माझा नातू सतरा वर्षांचा आहे. त्याने ती कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन दिली, तेव्हा मला आनंद झाला. पुढच्या आठवड्यात त्याच्या खोलीतून आईचा आवाज ऐकू आला, पण खाली ड्रमचे ठोके होते आणि एलियाहू हनाबीच्या गाण्यातली एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती. मी दार उघडून म्हटलं, "हे देवाचं गाणं आहे. त्याला असला ढोल लावायचा नाही."

तो शांतपणे म्हणाला, "आजी, ह्या गाण्याची चाल नाटकातली आहे, असं तूच सांगितलं होतंस ना?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. मग त्याने मला ज्याच्यामुळे हा नाद लागला त्या माणसाबद्दल सांगितलं. त्यानंतर दोन महिने मी ते ऐकत होते आणि वाचत होते. हा लेख त्यातूनच झाला.

मित्सु द बीट्स

त्या माणसाचं रंगमंचावरचं नाव डीजे मित्सु द बीट्स. तो सेंदाईचा. त्याचा धाकटा भाऊ हंगर या नावाने जपानी भाषेत रॅप करतो. डीजे मु-आर हा तिसरा साथीदार. या तिघांचा 'गागल' नावाचा गट १९९६ पासून आहे. त्यांचं संगीत 'जॅझी स्पोर्ट' या छोट्या, स्वतंत्र कंपनीकडून निघत आलं आहे. या कंपनीची मुळं टोकियोत नाहीत, सेंदाईच्याही उत्तरेला असलेल्या मोरिओका शहरात आहेत. तिथे त्यांचं रेकॉर्डचं दुकानही आहे.

मित्सु स्वतः गात नाही. तो गाण्याचा पाया घालतो. जुन्या सोल, फंक आणि जॅझच्या रेकॉर्ड शोधतो, त्यातला दोन-चार सेकंदांचा तुकडा उचलतो, तो कापतो, उलटसुलट लावतो आणि त्याखाली ताल बसवतो. त्यावर दुसरं कोणी गातं किंवा रॅप करतं. अशा उचललेल्या तुकड्याला सॅम्पल म्हणतात.

त्याचा पहिला स्वतंत्र अल्बम 'न्यू अवेकनिंग' २००३ साली आला. त्यात अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा सोल गायक ड्वेले गायला आहे. दुसरा, 'अ वर्ड टू द वाइज', २००९ चा. त्यात होजे जेम्स या गायकाबरोबर केलेलं 'प्रॉमिस इन लव्ह' आहे. पुढच्याच वर्षी होजे जेम्सने ते आपल्या 'ब्लॅकमॅजिक' या अल्बममध्येही घेतलं. मग २०१९ मध्ये 'ऑल धिस टाइम' आला. दोन मोठ्या अल्बममध्ये दहा वर्षांचं अंतर. मधल्या काळात इतरांसाठी केलेलं काम, गागलचे अल्बम, डीजे म्हणून वाजवणं, हे चालूच होतं. गागलच्या २००९ च्या अल्बमचं नावच 'स्लो बट शुअर' आहे, म्हणजे आपलं 'सावकाश पण नक्की'.

आता हे सोल आणि फंक म्हणजे काय ते थोडं सांगते. माझ्या वयाच्या वाचकांसाठी सांगते आहे, तरुणांनी हा भाग ओलांडला तरी चालेल.

चर्चमधून बाहेर, समेवर

सोल संगीत अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधून आलं. १९५४ मध्ये रे चार्ल्सने 'आय गॉट अ वुमन' हे गाणं केलं. त्याची चाल साउदर्न टोन्स नावाच्या गटाच्या 'इट मस्ट बी जीझस' या भक्तिगीतावर बेतलेली होती. देवाच्या गाण्याची चाल उचलून त्यात एका बाईचं कौतुक घातलं, म्हणून धार्मिक लोक फार संतापले. त्यांचा राग मला समजतो. मी नातवाच्या दारात उभी होते तेव्हा मी त्याच रांगेत होते.

१९५९ मध्ये बेरी गॉर्डीने डेट्रॉइटमध्ये मोटाउनची सुरुवात केली. मोटारींच्या कारखान्यांच्या त्या शहरातून सोल जगभर गेलं. फंक त्यानंतरचं. जेम्स ब्राउनचं १९६७ चं 'कोल्ड स्वेट' त्याची मोठी खूण मानतात. त्याने वादकांना पहिल्या मात्रेवर सगळा जोर द्यायला लावला. मधे कोणी कितीही भटको, पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकत्र यायचं. हे वाचताना मला हसू आलं. आपल्याकडे तबला शिकणाऱ्या पोरालाही हे माहीत असतं. आपण त्याला सम म्हणतो.

मग हे सेंदाईपर्यंत कसं पोचलं? एक तर रेकॉर्डवरून. दुसरं म्हणजे यंत्रांवरून, आणि ती यंत्रं जपानचीच होती. डीजे लोक ज्या तबकडीवर हात फिरवतात ते टेक्निक्स १२०० हे यंत्र जपानी, १९७२ पासूनचं. आणि तुकडे कापून बोटांनी वाजवायचं एमपीसी हे यंत्र जपानच्याच अकाई कंपनीने अमेरिकन रॉजर लिनच्या रचनेवरून १९८८ मध्ये काढलं. जपानने यंत्र पाठवलं, अमेरिकेतल्या काळ्या मुलांनी त्यावर आपल्या आईबापांच्या जुन्या रेकॉर्डमधून नवीन संगीत केलं, आणि ते संगीत परत जपानला आलं. आपण नाही का, आजोळहून आलेल्या डब्यात काहीतरी घालूनच तो परत पाठवतो?

या डब्यात मुंबईचाही एक घास आहे. आशा पुथली ही मुंबईची मुलगी. पुढे न्यूयॉर्कला गेली, ऑर्नेट कोलमनसारख्या जॅझवाल्याबरोबर गायली आणि मग स्वतःचं सोल, फंक, डिस्को करू लागली. तिचं १९७६ चं 'स्पेस टॉक' १९९७ मध्ये नॉटोरियस बी.आय.जी. या रॅपरच्या अल्बममध्ये सॅम्पल म्हणून पोचलं. शिकागोपासून सेंदाईपर्यंतची मुलं दुकानात ज्या खोक्यांत हात घालून जुन्या रेकॉर्ड चाळतात, त्या खोक्यांत ही मुंबईकरीणही असते.

डेट्रॉइटचा पेशंट

मित्सुवर ज्यांचा परिणाम झाला त्यात एक नाव फार मोठं आहे. जे डिला. खरं नाव जेम्स यान्सी, जन्म ७ फेब्रुवारी १९७४, गाव डेट्रॉइट. मित्सुने त्याच्या स्मरणार्थ 'सेलिब्रेशन ऑफ जे' नावाचं कामही केलं आहे.

डिलाने काय केलं ते एका सिस्टरला पटकन कळतं. यंत्राला ताल दिला की ते प्रत्येक ठोका घड्याळाबरहुकूम सरळ रेषेत आणून ठेवतं. डिला ही दुरुस्ती बंद ठेवून बोटांनी ठोके द्यायचा. एखादा ठोका कणभर उशिरा, एखादा कणभर लवकर. मॉनिटरवरचा आकडा आणि मनगटावर बोटं ठेवून पाहिलेली नाडी यात जो फरक असतो, तसाच हा फरक आहे. आकडा बरोबरच असतो, पण माणूस हाताला लागतो. मित्सुचे ठोके ऐकताना मला पहिल्यांदा काही कळलं असेल तर ते हेच. त्याचा ताल श्वास घेतो.

डिलाला टीटीपी हा रक्ताचा दुर्मीळ आजार झाला, शिवाय ल्युपस. टीटीपीमध्ये बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, प्लेटलेट झपाट्याने कमी होतात आणि प्लाझ्मा बदलत राहावा लागतो. असे पेशंट फार थकतात. सांधे सुजलेले असताना तो रुग्णालयातल्या खाटेवरही रेकॉर्ड आणि छोटं यंत्र घेऊन काम करायचा. त्याची आई मॉरीन यान्सी शेजारी बसून त्याची बोटं चोळून द्यायची, म्हणजे त्याला पुन्हा कळ दाबता येईल. 'डोनट्स' हा त्याचा अल्बम त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, ७ फेब्रुवारी २००६ ला बाहेर आला आणि तीन दिवसांनी तो गेला. त्याचं एमपीसी यंत्र आज वॉशिंग्टनमध्ये आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेलं आहे.

मी वॉर्डात अशा आया पाहिल्या आहेत. आपण ड्रिप बदलायला जातो आणि ती मुलाचे पाय चोळत असते. आपल्या हातात औषध असतं, तिच्या हातात काहीच नसतं, म्हणून ती चोळत राहते. संगीताच्या इतिहासात अशा आईचं नाव येतं याचं मला बरं वाटलं.

सेंदाई सोडलं नाही

सेंदाई हे जपानच्या ईशान्य भागातलं सर्वात मोठं शहर. वस्ती साधारण अकरा लाख. दाते मासामुने या सरदाराने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलं. टोकियोपासून बुलेट ट्रेनने दीड तास. एवढं जवळ असल्यामुळेच इथलं हुशार पोरगं टोकियोला जातं. रेकॉर्ड कंपन्या, रेडिओ, मासिकं, पैसा, सगळं तिथे. आपल्याकडे अलिबागचं पोरगं मुंबईला गेलं तसंच.

गागलचे तिघे सेंदाईतच राहिले. तिथूनच त्यांनी डेट्रॉइटच्या गायकाला गायला लावलं. जागेची त्यांना लाज नव्हती, आणि त्या जागेला गाण्याची सवयही होती. १९९१ पासून इथे दर सप्टेंबरमध्ये जोझेंजी रस्त्यावर जॅझ महोत्सव भरतो. शेकडो गट, बहुतेक हौशी, झेलकोवाच्या झाडांखाली फुटपाथवर वाजवतात. स्वयंसेवक सगळं सांभाळतात. नाव जॅझचं असलं तरी सोल, फंक, गॉस्पेल सगळं चालतं. मी गेल्या वर्षी जावयाबरोबर गेले होते. माझ्याच वयाच्या आठ-दहा बायका रंगीत झगे घालून गॉस्पेल गात होत्या. डब्यातली थालिपीठं हातातच राहिली आणि मी अर्धा तास उभी होते.

मग ११ मार्च २०११. दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप आणि त्यानंतर त्सुनामी. सेंदाईचा विमानतळ पाण्याखाली गेला. किनाऱ्यावरच्या अराहामा गावात प्राथमिक शाळेच्या गच्चीवर ३२० माणसं चढली आणि वाचली. आजूबाजूचं गाव वाहून गेलं. ती शाळा आता तशीच जपून ठेवली आहे. मुलीने मला तिथे नेलं होतं. वर्गात अडकलेल्या वस्तूंचे फोटो आहेत, भिंतीवर पाण्याची रेघ आहे. आमच्या वाचकांपैकी जे इस्रायलला आहेत त्यांना आठवत असेल, उत्तरेला मिनामिसानरिकू गावात त्याच मार्चच्या अखेरीस इस्रायलच्या वैद्यकीय पथकाने दवाखाना उघडला होता. परदेशातून आलेलं असं ते पहिलं पथक.

त्या भूकंपानंतर गागलने एक गाणं काढलं. त्याचं नाव 'उबुगोए'. जपानीत याचा अर्थ जन्मलेल्या मुलाचं पहिलं रडणं.

नाव ऐकल्यावर मी नातवाला थांबवलं. लेबर रूममध्ये काम केलेल्या कोणत्याही बाईला विचारा. मूल बाहेर येतं आणि ते रडेपर्यंत जे काही क्षण जातात तेव्हा खोलीत कोणी बोलत नाही. डॉक्टर नाही, आयाबाई नाही, आई तर नाहीच. मग तो आवाज येतो आणि सगळ्यांना एकदम कामं आठवतात. हजारो माणसं समुद्राने नेल्यावर गाण्याला हे नाव द्यावं, हे ज्याला सुचलं त्याला दुःखाबद्दल काही शिकवायची गरज नाही.

आणि मला आपलं नवगाव आठवलं. गलबत फुटलं, सात जोडपी किनाऱ्याला लागली, पोथ्या समुद्रात गेल्या. आपल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टीत पुढे काय येतं? सगळं विसरलं, पण तोंडात 'शेमा' राहिला. आपलाही इतिहास समुद्रातून वर आलेल्या एका आवाजापासून सुरू होतो.

"चाल"

आता नातवाच्या प्रश्नाकडे येते.

१८८० साली पुण्याला अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल रंगभूमीवर आलं आणि मराठी माणसाला नाटकातल्या पदांचं वेड लागलं. त्याच सुमारास मुंबईत आपल्या बेने इस्रायल मंडळींनी कीर्तनं सुरू केली आणि त्यासाठी कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं. हिंदू कीर्तनकाराचा साचा तसाच घेतला, म्हणजे पेटी, तबला, झांज, मधे निरूपण, मधे गाणं. साकी, दिंडी, ओवी, अभंग तेच. कथा मात्र अब्राहामाची, योसेफाची, मोशेची. हिब्रू न समजणाऱ्या बायकांना आणि मुलांना तोरातल्या गोष्टी मराठीतून कळल्या त्या अशा कीर्तनांतून.

जुनी कीर्तनाची किंवा गाण्यांची पुस्तकं ज्यांनी पाहिली असतील त्यांना आठवेल, पदाच्या वर बारीक अक्षरात एक शब्द छापलेला असतो. "चाल". त्यापुढे ज्या गाण्याच्या सुरावर ते म्हणायचं त्या गाण्याचे पहिले शब्द. नाटकांच्या पुस्तकांतही तीच पद्धत. छापील सरगम परवडत नव्हती आणि वाचताही येत नव्हती. "चाल अमुक" एवढं लिहिलं की गावोगावच्या बायका ते पद म्हणू शकत.

म्हणजे आपण काय केलं? दुसऱ्याच्या गाण्याचा सूर उचलला, त्यात आपली गोष्ट घातली आणि तो आपला केला. रे चार्ल्सने देवाची चाल बाईला दिली, आपल्या कीर्तनकारांनी शकुंतलेच्या काळातल्या चाली मोशेला दिल्या. मित्सु डेट्रॉइटचा तुकडा घेतो आणि त्यावर भाऊ सेंदाईची गोष्ट सांगतो. हंगर इंग्रजीत रॅप करत नाही, आपल्या भाषेत करतो. आपणही कीर्तन हिब्रूत केलं नाही.

लहान समाज असाच जगतो. भोवताली मोठं आहे ते घ्यायचं, लाज न बाळगता घ्यायचं, पण गोष्ट आपली सांगायची. आपण कोकणात तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोकांनी आपल्याला शनिवार तेली म्हटलं. घाणा सगळ्यांसारखाच होता. वेगळा होता तो शनिवार.

म्हणून नातवाचं म्हणणं खरं होतं. देवाच्या गाण्याला ढोल लावायचा नाही, हा नियम माझ्या आईनेच पाळला नव्हता. ती नाटकाच्या चालीवर एलियाहू हनाबीला बोलावत होती, आणि शेजारी तबला होता.

ज्याचं नाव लिहिलं नाही

तरी माझ्या मनात एक गोष्ट राहिली होती आणि ती मी त्याला सांगितली.

१९७० मध्ये जेम्स ब्राउनचं 'फंकी ड्रमर' आलं. त्यात ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड काही सेकंद एकटाच वाजवतो. पुढे ते काही सेकंद शेकडो गाण्यांत सॅम्पल म्हणून वापरले गेले. जगातल्या सर्वात जास्त उचलल्या गेलेल्या ठोक्यांपैकी ते आहेत. पण कागदावर गाणं जेम्स ब्राउनचं होतं. ज्याच्या हातांतून तो ताल निघाला त्याला त्याचे पैसे जवळजवळ मिळालेच नाहीत. त्याला कॅन्सर झाला तेव्हा प्रिन्स या गायकाने उपचारांची बिलं गुपचूप भरली होती, हे पुढे स्टबलफील्डने स्वतःच सांगितलं. २०१७ मध्ये तो मूत्रपिंडाच्या आजाराने गेला. डायलिसिसच्या खुर्चीवर बसलेल्या अशा किती माणसांना मी सुई लावली असेल. त्यांच्यातला कोण काय करून आला आहे, हे आपल्याला कुठे माहीत असतं?

उचलण्यात पाप नाही. ज्याचं उचललं त्याचं नाव पुसण्यात आहे. आपल्या जुन्या पुस्तकांत निदान "चाल" हा शब्द होता. गाणं कुठून आलं ते वाचणाऱ्याला कळत होतं. मित्सुसारखे चांगले डीजेही याबाबतीत जपतात. जिथून घेतलं त्याला मानवंदना द्यायची, आणि कोणी गेलं की त्याच्या नावाने काम करायचं. 'सेलिब्रेशन ऑफ जे' मला तसंच वाटतं. आपण याला हश्काबा म्हणू. मेलेल्याचं नाव मोठ्याने घेणं.

नातू म्हणाला, "मग आपल्या टेपवर तबला कोणी वाजवलाय?"

मी आठवून पाहिलं. भावाला फोन केला, तो म्हणाला, "तबलेवाले काका." मावसबहिणीला अशदोदला फोन केला, ती म्हणाली, "अगं ते नाही का, तबलेवाले काका." ते आमच्याकडे पंधरा वर्षं यायचे. आई त्यांना मलिद्याचं ताट वेगळं काढून ठेवायची. त्यांच्या हातात काय गोडवा होता ते टेपवर स्पष्ट ऐकू येतं. त्यांचं नाव आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नाही.

मी नातवाला स्टबलफील्डची गोष्ट मोठ्या तोऱ्यात सांगितली होती. नंतर बराच वेळ मी गप्प होते.

शेवटी आमचं असं ठरलं. त्याने ते संगीत पूर्ण करायचं. एलियाहू हनाबीची ओळ मधेच तोडायची नाही, नाव पूर्ण येऊ द्यायचं. आणि वर लिहायचं, "चाल", त्यापुढे आईचं नाव, मावश्यांची नावं, पेटीवाल्या मामांचं नाव आणि ठाणे, १९८४. तबल्यापुढे जागा रिकामी सोडायची. ती भरायचं काम माझं.

त्याने ते पूर्ण केलं आहे. ताल थोडा मागे ओढलेला आहे, मित्सुसारखा, डिलासारखा. सुरुवातीला ड्रम नाहीत. आधी टेपची खरखर आहे आणि मग आईचा आवाज. "तिला झोपू दे." हे वाक्य त्याने एकदाच ठेवलं आहे, पुन्हा पुन्हा फिरवलं नाही. मी सांगितलं नव्हतं. त्याला आपणहून कळलं.

आता तुमच्याकडे येते. लोद, दिमोना, अशदोद, लंडन, टोरांटो, मेलबर्न, तुम्ही जिथे असाल तिथे, तुमच्याही कपाटात अशी एखादी कॅसेट असेल. टेपची पट्टी चिकटते, बुरशी धरते, आणि एक दिवस वाजत नाही. ती आधी कॉम्प्युटरवर घ्या. घरातल्या पोराला सांगा. मग कागद घ्या आणि आवाज कोणाकोणाचे आहेत ते लिहा. गाणारीचं नाव सगळ्यांना आठवतं. पेटी कोणाची, तबला कोणाचा, झांज कोणाच्या हातात, हेही लिहा. ज्यांना आठवतं ती माणसं आज आहेत तोवर विचारा. मी दहा वर्षं आधी विचारलं असतं तर आई होती, मोठी मावशी होती, दोघींनीही सांगितलं असतं.

पोरांनी त्या टेपवर ढोल लावला तर लावू द्या. फक्त वर "चाल" लिहून घ्या.

आणि १९८० ते १९९० च्या दरम्यान ठाण्याला आपल्या घरांतल्या मलिद्यांना तबला वाजवायला येणारे, काळी टोपी घालणारे, चहात साखर न घेणारे काका कोणाला आठवत असतील, तर मला त्यांचं नाव जरूर कळवा.

शालोम.